बसा तुम्ही, आलेच

त्या सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. रोजच बसायचो. मुलगा आणि सून गाडी काढून कामाला गेली, नात शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढली, की घर रिकामं व्हायचं. मग ही पदराला हात पुसत म्हणायची, "चला, बसू या." पवित्र शास्त्रातला एखादा भाग ती वाचायची, मग दोघं गप्प. ज्यानं वाचलं त्यानंच आमेन म्हणायचं आणि तोवर कुणी उठायचं नाही, असा आमचा नियम. वाचायची नेहमी तीच. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, जोडाक्षरं मला दमवतात. आमेन झालं की एकमेकांना सांगायचं, गप्प बसल्यावर मनात काय आलं ते.

माझ्या मनात मोठं काही येत नसे. एकदा म्हणालो, "बेसन संपलंय, एवढंच आलं बघ." ती हसली. "मग तेही त्यानंच सुचवलं असेल. त्याला पिठलं खायचं असेल आज." तिच्या मनात मात्र माणसं यायची. गावाकडची एखादी बाई, जिच्याशी हिचं कधीकाळी वाजलं होतं. मग दुपारी तिला पत्र लिहायला बसायची. कधी सुनेचा उतरलेला चेहरा यायचा, आणि संध्याकाळी सून घरात पाय टाकते तोच हिच्या हातचा चहा तयार.

मला हे गप्प बसणं ठाऊक नव्हतं. मी आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात जनरेटर आणि पाण्याचा पंप सांभाळला. कानात सारखी धडधड. देवळातही आम्ही ओरडून प्रार्थना करणारी माणसं. ज्याचा आवाज चढा त्याचा विश्वास मोठा, असं मी खुशाल धरून चाललो होतो. ऐंशी सालानंतर मुलानं आम्हाला अमेरिकेत, एडिसनला बोलावून घेतलं, तेव्हा ही म्हणाली, "अहो, सारखं आपणच बोलत राहिलो तर त्यानं बोलायचं कधी?" तिथून हे बसणं सुरू झालं.

आमच्याच रस्त्यावर नागपूरचे एक डॉक्टर राहायचे. चांगला माणूस. एकदा मला म्हणाले, "काका, शुक्रवारी आमच्याकडे बसायचं का?" मी म्हणालो, "आम्ही तर रोज बसतो, सकाळी सकाळीच." ते बघतच राहिले. "सकाळी? आणि काकूंना चालतं?" "तीच तर बसवते मला." महिनाभर तो माणूस आमच्याकडे दारुडं कुटुंब म्हणून बघत होता. खरं कळलं तेव्हा ही इतकी हसली, की खुर्ची धरून खाली बसली.

तर ती शेवटची सकाळ. हिनं वादळाचा भाग वाचला. नावेत पाणी भरतंय, शिष्यांची घाबरगुंडी उडालीय, आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर निजलेला. तिथं ती थांबली. "अहो, उशी घेतली होती बघा त्यानं," म्हणाली. मग पुढचं वाचलं, चष्मा काढून उघड्या पानावर ठेवला आणि आम्ही गप्प झालो. मी मध्येच डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. नियमात बसत नाही, पण पाहायचो. तिच्या चेहऱ्यावर असं होतं, की काहीतरी सापडलंय आणि मला सांगायची घाई झालीय.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. डॉक्टरांची बायको. तिचं दही फसलं होतं, विरजणापुरतंही उरलं नव्हतं, आणि संध्याकाळी पाहुणे यायचे होते. हिच्या दह्याला त्या रस्त्यावर मान होता. हिनं वाटीत दही काढलं, वर बशी झाकली, स्वेटर चढवला. मी उठायला लागलो.

"बसा तुम्ही, आलेच. आमेन व्हायचंय अजून."

मी बसलो. चार घरं टाकून तर जायचं होतं. बाहेर सायरन वाजला तरी मी बसूनच होतो. या देशात मांजर झाडावर अडकलं तरी सायरन वाजतो. मग डॉक्टरांची बायको धावत आली. तिच्या हाताला, ड्रेसला सगळीकडे दही लागलेलं. "काका, चला... काकू..." ही तिच्या दाराच्या पायरीवरच कोसळली होती. हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. हृदय थांबलं, म्हणाले. त्रास झाला नसेल, म्हणाले. त्यांना काय माहीत?

संध्याकाळी घर भरून गेलं. जो तो बोलत होता. कोण फुलांचं विचारतंय, कोण गावाकडं फोन लावतंय. मुलगा म्हणाला, "पप्पा, टीव्ही लावू का? जरा मन लागेल." इथल्या चर्चचे पाळक साहेब आले, आमच्या रीतीनं सलाम केला आणि लांबलचक प्रार्थना केली. ती चांगल्या जागी गेली, वगैरे. सगळे आमेन म्हणाले. मी तोंड उघडलं नाही.

सुनेच्या ते लक्षात आलं. हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही आमेन म्हणाला नाहीत."

"आमचं व्हायचंय अजून."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "असू दे गं. अपसेट आहेत ते. देवावर रागावलेत."

रागावलो होतोच. अजून आहे. पण प्रश्न तो नव्हता. ती प्रभूपाशी गेली, हे मला कुणी समजावू नये. गेली असेल. त्या सकाळी तिला जे सापडलं ते तिनं मला सांगायचं होतं. त्याला ते आधीच माहीत होतं. माहीत असून त्यानं तिला एवढा वेळ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी झोपलेली असताना मी खाली आलो आणि टेबलाशी बसलो. पान उघडंच होतं, वर तिचा चष्मा. तो उचलून बाजूला ठेवला आणि बोट धरून वाचायला लागलो. दोनदा अडलो, मागं गेलो, पुन्हा वाचलं. उशीपर्यंत पोचलो. शेवटपर्यंत गेलो. मग गप्प बसलो.

काही आलं नाही. बेसनसुद्धा आलं नाही. फ्रीजची मोटर सुरू व्हायची, बंद पडायची. तिचा आवाज बिघडत चाललाय एवढं कळलं, आणि ते सांगायला समोर कुणी नव्हतं. शिष्यांनी त्याला हलवून उठवलं होतं. मीही टेबलावर हात आपटला. "ऊठ की आता," म्हणालो. मोटर तेवढी बंद पडली.

वाचलं मी होतं, म्हणजे आमेन म्हणायचा हक्क आता माझा होता. शब्द ओठापर्यंत आला. तो उच्चारला असता तर आमचं कालचं बसणं तिथंच संपलं असतं, आणि तिचं सांगायचं राहिलेलं कायमचं राहिलं असतं. मी तो गिळला.

मुलगा जिना उतरून आला. डोळे सुजलेले. "पप्पा, झालं का तुमचं? फ्युनरल होमला नऊला बोलावलंय."

"नाही झालं," मी म्हणालो. चष्मा उचलून होता तसा पानावर ठेवला. पुस्तक मिटलं नाही. मग कोट घातला आणि तिच्यासाठी पेटी बघायला त्याच्याबरोबर गेलो.