घड्याळकाकांचे पॉइंट

जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात घड्याळकाकांनी चाळीस वर्षं मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू हाताळले. त्यामुळे घरच्या जुन्या मोटारीचे पॉइंटही तेच बसवायचे. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये धातूचे दोन तुकडे सतत उघडझाप करतात, ते हे पॉइंट. त्यांच्यातली फट नखाच्या जाडीइतकीच हवी. ती कमीजास्त झाली की गाडी रुसते. इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर घाला, त्यात पॉइंटची भानगडच नाही, असं गॅरेजवाले मिस्त्री त्यांना कितीदा तरी म्हणाले होते. काका ते हसण्यावारी न्यायचे. माझे हात आहेत की, म्हणायचे.

त्या वर्षी गाडी रोज गचके खायला लागली. त्यांची लेक तीच गाडी घेऊन कामावर जायची. तिनं विचारलं, की काका कधी पेट्रोलला नावं ठेवायचे, कधी प्लगला. पॉइंटचं नाव काही काढायचे नाहीत.

मग एका दुपारी लेक आईला डोळ्याच्या ऑपरेशननंतर घरी आणत असताना गाडी ऐन चौकात बंद पडली. मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आईनं लेकीचा दंड असा धरला, की बोटांचे वळ उठले. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ढकलून गाडी कडेला लावली, म्हणून निभावलं.

मिस्त्री आले. त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. फट जवळजवळ मिटलेली होती, आणि स्क्रूभोवती स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे ओरखडेच ओरखडे होते. मिस्त्रींनी ते लेकीला बोटानं दाखवले. फट नीट करून दिली आणि गेले.

घरी आल्यावर लेकीनं वडिलांसमोर खुर्ची ओढली.

"बाबा, हे पॉइंट तुम्हीच बसवले ना?"

काकांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि तो थरथरू दिला. एरवी तो खिशात असायचा.

"आठ महिने झाले," ते म्हणाले. "दुकानात आता फक्त सेल बदलतो. घड्याळाचं मशीन उघडत नाही. आज तुम्हा दोघींना काही झालं असतं तर..."

शेजारी डोळ्यावर पट्टी बांधून बसलेली काकू म्हणाली, "तरीच. रोज कप बशीत आपटायचा. मला वाटायचं, माझ्यावर चिडूनच चहा पिताय."

लेक हसली, मग रडली. काकाही हसले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तो हात लपवला नाही.

रविवारी मिस्त्री नवा डिस्ट्रिब्युटर घेऊन आले. काका स्टूल टाकून जवळ बसले. जुना काढण्याआधी आतला फिरता तुकडा, म्हणजे रोटर, कुठल्या दिशेला आहे त्याची खडूनं खूण करा, प्रत्येक वायरला नंबराची चिठ्ठी लावा, हे सगळं त्यांनीच सांगितलं. लेकीनं चिठ्ठ्या लावल्या. तरी पहिल्यांदा चावी फिरवल्यावर इंजिन नुसतंच ठसकलं. काका म्हणाले, दोन वायरींची अदलाबदल झालीय, आवाजावरून कळतं. झालीच होती. दुसऱ्यांदा चावी फिरवली आणि गाडी चालू झाली. मिस्त्रींनी ठिणगीचं टायमिंग जुळवलं, तसं इंजिन एका लयीत चालू लागलं. काकांनी बॉनेटवर तळहात टेकून बराच वेळ ते ऐकलं.

"आता यात मी काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," मिस्त्री म्हणाले. "शेजारी बसून फिरायचं."

काकांनी मोठा श्वास सोडला. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली, असं काकू नंतर सगळ्यांना सांगायची.

पुढच्या आठवड्यात लेक त्यांना त्याच गाडीतून डॉक्टरकडे घेऊन गेली. ज्या कंपवाताच्या धास्तीनं काकांनी हात लपवला होता, तो निघाला नाही. हा साधा कंप आहे, डॉक्टर म्हणाले, गोळीनं पुष्कळ कमी होईल, मात्र बारीक काम सोडा. परतताना तोच चौक लागला. सिग्नल लाल होता. गाडी शांतपणे घुरघुरत उभी राहिली, आणि काका लेकीला सांगू लागले, की दुकानातलं टेबल काढून तिथं दोन खुर्च्या टाकल्या, तर ओळखीच्या माणसांना गप्पा मारत बसता येईल.