काकांच्या अंगणातले लाल गट्टू

आमचं आणि काकांचं घर एकाच वर्षी बांधून झालं. उमरखेडच्या बाहेर, शेतात प्लॉट पडले तिथे, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. स्लॅब पडेपर्यंत दोन्ही घरं मला सारखीच वाटत होती. मग काकांच्या अंगणात फरशीसारखे बसवायचे सिमेंटचे गट्टू आले, लाल आणि राखाडी, एकाआड एक. पाठोपाठ नांदेडहून लॉन आलं, चटईसारखं गुंडाळलेलं. काकांचं ढाणकीला खताचं दुकान आहे, त्यांना ते जमलं. आमच्या अंगणात काळी माती होती आणि बांधकामातून उरलेली वाळू.

मी यवतमाळला कॉलेजात शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सुट्टीत घरी आले की भिंतीपलीकडे बघायचं नाही असं ठरवायची, आणि चहाचा कप घेऊन नेमकी त्या भिंतीशीच उभी राहायची. माझ्याच वयाची चुलत बहीण संध्याकाळी पाइप लावून गट्टू धुवायची. ओले झाले की त्यांचा लाल रंग फार उठून दिसायचा. ही मला दाखवायलाच धुते, असं मला वाटायचं. कदाचित तसं नसेलही.

एका सकाळी बाबा म्हणाले, "घर बांधून साठ हजार उरले. वास्तुशांतीच्या आधी अंगणाचं उरकून टाकू. तू शिकून राह्यली, तूच लाव हिशोब."

मी टेपने अंगण मोजलं, गट्टूच्या दुकानात भाव विचारून आले. गट्टू, खाली पसरायची दगडाची चुरी आणि बसवायची मजुरी धरली तर पूर्ण अंगणाला जवळजवळ सगळे पैसे लागत होते. मुरुमाला काहीच उरत नव्हतं. आमच्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती उकरून मुरूम भरल्याशिवाय वर काही टिकत नाही. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी मी मुरूम धरला नाही. उरलेल्या थोड्या पैशांत शोभेची दोन झाडं तेवढी धरली.

बाबांनी हिशोब ऐकला. "मुरूम कुठी हाय?"

"पुढच्या वर्षी टाकू."

"गट्टूच्या वरून टाकशीन का?"

आई स्वयंपाकघरातून हसली. "पावसाळ्यात गट्टू नाचतीन. लोकं वास्तूले नाही, तमाशा पाहाले येतीन. अन् मले थोडी मोकळी जागा ठेवजो बाई, तूर कुठी वाळू घालू?"

"काकू कुठे घालते?" मी जरा जोरातच विचारलं.

त्याचं उत्तर दुपारी फाटकातूनच आलं. काकू आणि बहीण डाळीसाठी तेल-पाणी लावलेल्या तुरीचं घमेलं दोन बाजूंनी धरून आमच्याकडे आल्या. बहिणीच्या काखेत ताडपत्री होती.

"इथंच टाकतो वं," काकू आईला म्हणाली. "आमच्या घरी गट्टूले तेलाचे डाग पडते म्हणून हे वरडतात."

"चप्पलबी घालू देत नाहीत पप्पा," बहीण म्हणाली. "पाहुण्यावानी राहा लागते."

काकूने ताडपत्री पसरली, तूर हाताने सारखी केली आणि आमच्या मातीकडे बघत म्हणाली, "तुमचं अंगण बरं बाई. असंच राहू द्या."

त्या वाक्याने माझा जळफळाट कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. ज्याच्या दारात गट्टू आहेत, त्याला दुसऱ्याच्या दारातल्या मातीचं कौतुक करायला काय जातं? काकू मनापासून बोलली होती, हे मला कळत होतं. म्हणून आणखीच राग आला.

संध्याकाळी मी हिशोब पुन्हा मांडला. आधी सगळ्या अंगणाची माती उकरून मुरूम भरायचा. मग फाटकापासून दारापर्यंतच्या समोरच्या भागात तेवढे गट्टू. आईसाठी मागची बाजू दाबलेल्या मुरुमाचीच ठेवायची. झाडं नर्सरीतून न आणता आईनेच मोगरा आणि कढीपत्ता लावायचा. बाबांनी मान हलवली. "आता झाला हिशोब."

दुकानात त्यांनी रंग मलाच विचारला. पिवळे घ्यायचे, कोणी नक्कल केली म्हणू नये, असं मी वाटेभर ठरवत आले होते. तिथे पिवळे होतेही. मी म्हणाले, "लाल आणि राखाडी."

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी काम संपलं. मी रस्त्यावर जाऊन फाटकातून आत पाहिलं. तिथून फक्त गट्टूच दिसत होते, मागचा मुरूम दिसत नव्हता. थोडं डावीकडे सरकलं की मात्र दिसायचा. म्हणून मी सरकले नाही.

तेवढ्यात बहीण आली. गट्टूंकडे बघून म्हणाली, "अवं, आमच्यासारखेच आणले!" मग पाय उचलून तशीच थांबली. "इथं चप्पल चालते नं?"

"काढ," मी म्हणाले.

ती हसली. मीही हसले. पण तिने चप्पल काढेपर्यंत मी फाटकातून बाजूला झाले नाही.