पिंजऱ्यांची सुनावणी

तुलाराम आणि गोदावरीबाई मारबते हे मासेमारी करणारं ढिवर जोडपं जनसुनावणीला एकाच मोपेडवरून गेलं. धरणाच्या पाण्यात पिंजरे सोडून मासे वाढवायला एका कंपनीला पर्यावरणाची परवानगी हवी होती. गावाचं म्हणणं ऐकायला अधिकारी शाळेत येऊन बसले होते.

तुलाराम आधी उठले. "पिंजऱ्यांनी पानी अडवलं तं आमचा डोंगा कोठून जाईल? उरलेलं खाद्य तळाशी सडलं तं आमची मासोळी कशी जगंल? माझा विरोध आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माईक गोदावरीबाईंनी घेतला.

"मले पिंजऱ्यावर काम पायजे. हे पान्यात अन् मी काठावर, यायची वाट पाह्यतच जलम गेला. माझा पाठिंबा आहे."

"तुम्ही दोघं एकाच घरचे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो जी," दोघंही म्हणाले.

परततानाही दोघं एकाच मोपेडवर होते. घरी गोदावरीबाईंनी भात वाढला, तुलारामांनी खाल्ला.

पुढे परवानगी मिळाली, पण डोंग्यांसाठी वाट मोकळी ठेवायच्या अटीवर. गोदावरीबाईंना मासोळ्यांना खाद्य टाकायचं काम लागलं. पहिल्याच सकाळी पिंजऱ्यांकडे नेणारी कंपनीची बोट बंद पडली, तेव्हा तुलाराम डोंगा घेऊन काठाला आले. गोदावरीबाई चढल्या.

"काहून, तुमचा तं विरोध आहे ना?"

"आहे. नीट बस."

खाद्याची पोती जड होती, म्हणून तीही तुलारामांनीच डोंग्यात चढवली.