मेंढीवाल्याची सही

मी चौथीपर्यंत शिकलो, पण अंगठा कधी उठवला नाही. सहीच करतो. धाकट्या भावाच्या सुटकेसाठी दोनदा दयेचा अर्ज केला, त्यावरही ठसठशीत सही केली. दोन्ही अर्ज फेटाळले. भावाला जन्मठेप झालीय. बैलांच्या शर्यतीवरून भांडण पेटलं, त्यानं शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घातली आणि शेजारी गेला. आता तुरुंगात भावाला धड दिसतही नाही.

लेक आयर्लंडात, ट्रली गावच्या हॉस्पिटलात नोकरीला आहे. तिच्याकडे आलो, तर म्हणाली, "आप्पा, पुरे आता. तिसरा अर्ज करून काय होणार?"

"तुला विचारलंय?"

"ग्रँड," म्हणाली. 'बरं', 'ठीक', इथं सगळ्यालाच ग्रँड म्हणतात.

एका रविवारी तिनं मला संग्रहालयात नेलं. काचेखाली जुने अर्ज मांडले होते. इंग्रज सरकार इथल्या माणसांनाही काळ्या पाण्यावर धाडायचं, ऑस्ट्रेलियाला. मागं राहिलेली घरची माणसं दया मागायची. लेक वाचून मराठीत सांगत होती. एका बाईच्या नवऱ्यानं मेंढी चोरलेली. बाई म्हणते, त्याला सोडा, नाहीतर मला नि पोरांनाही त्याच जहाजात घाला. तिला सही येत नव्हती, फुली मारलेली. खाली गावकऱ्यांची नावं.

"पहिलं नाव कुणाचं?"

"ज्याची मेंढी गेली त्याचं."

"फिर्यादीचं?"

"हो आप्पा. तोच म्हणतोय, सोडा याला."

"मग सोडला?"

"ते इथं लिहिलेलं नाही."

मी तिथल्या बाकावर बसलो. माझ्या अर्जांवर सरपंचाची, मास्तरांची, पाव्हण्यांची सही होती. शेजाऱ्याच्या बायकोकडं मात्र गेलो नव्हतो. तिच्यापुढं हात पसरायचा? मेलो तरी नाही, म्हणायचो. त्या फुलीवाल्या बाईनं पसरला होता.

घरी आल्यावर शेजारणीला फोन लावायला लेकीला सांगितलं.

"आप्पा, ती शिव्या घालील."

"घालू दे. लाव."

मी म्हणालो, "वहिनी, भावाच्या अर्जावर तुमची सही पाहिजे."

ती म्हणाली, "इतकी वर्षं भिंतीला भिंत, तेव्हा दार दिसलं नाही. आता परदेशातनं बोलता होय, भावजी?"

"खरंय तुमचं."

"माणूस फोनवर मागायचा नसतो. दारात या. सही देईन असं म्हणत नाही मी. पण या."

फोन ठेवला. लेकीला म्हणालो, "तिकीट बदल. लवकरातलं बघ."

"आणि नाही म्हणाली तर?"

"दुसऱ्या दिवशी परत तिच्याकडं जाईन. तू आधी माझं पांढरं धोतर धुवायला टाक. तिच्या दारात मळक्या कपड्यानं उभा राहणार नाही मी."