लाल बावट्याखालचा चहा

नव्वदच्या दशकात आम्ही पेण-रोह्याच्या वाटेवर बंगल्यासाठी प्लॉट बघायला गेलो होतो. पलीकडे फौजेचं फायरिंगचं मैदान होतं, हे एजंट बोललाच नव्हता. शेजारच्या वालाच्या शेतातून एक म्हातारबाबा आले आणि त्यांनी आम्हाला आग्रहाने खाटेवर बसवलं. स्वतः चहा इतका फुंकून फुंकून पीत होते, की एजंट चुळबुळू लागला. बाबांची नजर मैदानावरच्या लाल बावट्यावर होती.

पहिला बार झाला आणि बायकोच्या हातातली बशी हिंदकळली. मग बार थांबेचनात. बाबांचा बैल मात्र निवांत रवंथ करत होता.

“रोजचाच हाय,” ते काळजीने म्हणाले. “वहिनींना झोप लागंल ना?”

वहिनी तोवर जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या.

मला हसू फुटलं, तसे तेही हसले. “रागावू नका. बंगलं झालं का आवाजाच्या तक्रारी व्हतील. फौज गेली तर माळ पन विकतील. बावटा उतरला का आमची गुरं तिथंच चरतात.”

निघताना म्हणाले, “शेंगा भरल्या का पोपटीला या. मडक्यात भाजू. या, खा आन जा.”

इतक्या मायेने मला आजवर कुणी हाकललेलं नाही.