तिसरं प्रकरण आणि आईची सही

मला पत्रकं लिहिता येतात. बारावीपासून लिहिते आहे. चार ओळींत अन्याय, पाचवीत मागणी, सहावीत रविवारी दहा वाजता जमा. न्हावा शेव्याच्या आमच्या पट्ट्यात बंदराच्या नावाने इतकं काही भरावाखाली गेलं की विषय कधी कमी पडला नाही. त्यामुळे पीएचडीला बसले तेव्हा वाटलं, हे तर मोठं पत्रक.

मार्गदर्शक बाईंनी ऑटोएथ्नोग्राफी करायला सांगितली. म्हणजे आपलंच जगणं समोर ठेवून आपल्या माणसांचं जग तपासायचं. मिठागरावर राबणाऱ्या बाईची मुलगी संशोधक कशी होते, हा माझा विषय. आईसारख्या बायकांची सरकारी कागदात एकच ओळख, ‘अकुशल मजूर’. वाचलं की डोकं फिरायचं. त्या रागात तिसरं प्रकरण आईवर लिहिलं, एका दमात.

ज्या माणसाबद्दल लिहिलं त्याची लेखी संमती लागते. सोमवारी प्रकरण समितीपुढे जायचं होतं, सही नसेल तर ते घेणार नव्हते आणि माझे सहा महिने लटकणार होते. शनिवारी घरी गेले, आईपुढे फॉर्म ठेवला, बोटाने जागा दाखवली.

आई म्हणाली, “वाच आधी.”

जमिनी गेल्या तेव्हा आमच्या गावाने न वाचता सह्या दिल्या होत्या. तेव्हापासून रीत पडली आहे, कागद चारचौघींत मोठ्याने वाचायचा, मग सही. ती रीत पंचक्रोशीत पोचवणारं पत्रक माझंच. मी पिशवीतून प्रकरण काढलं. आईने शेजारच्या काकूला हाक मारली, काकूने आणखी तिघींना. सगळ्या मिठागरावरच्या. भरदुपारी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या आणि मी सुरुवात केली. पहाटेच्या अंधारात डोक्यावर मिठाची टोपली घेऊन आई आणि मी बांधावरून चाललो आहोत.

काकूचा हात थांबला. “कोन मी?”

“मी, काकू.”

“तू टोपली उचललीस? कवा गो?”

मग काकूने सगळ्यांना सांगितलं, की मी मे महिन्यात आईचा डबा घेऊन यायचे आणि झोपडीच्या सावलीत गोष्टीची पुस्तकं वाचत बसायचे. एकदा कापलेला पाय खाऱ्या पाण्यात घातला आणि अशी बोंबलले की सगळं काम थांबलं. “टोपली कसली, हिलाच उचलून न्हेली हिच्या आयशीनं.”

चौघी हसून लोळायच्या बाकी होत्या. मी म्हटलं, भावना खरी आहे ना. पत्रकात हे खपलं असतं. इथे खपेना.

चौथ्या पानावर आई मुकाट अश्रू ढाळत होती. आईने विचारलं, “मी रडले कवा?” मी तिच्या पायांच्या भेगांचा विषय काढला. भेगा होत्या, ती म्हणाली, तेल लावायचो. “मीठ कवा ओढायचं ते कोन सांगायचं? ते लिवलंस?”

नव्हतं लिहिलं. मला माहीतच नव्हतं. वाफ्यात धरलेलं मीठ फळीने लवकर ओढून काढलं तर दाणा बारीक राहतो, उशीर केला तर कडवटपणा येतो. आई वाफ्यात पाय ठेवायची आणि दाणा कसा टोचतो त्यावरून सांगायची, आज की उद्या. मुकादम तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा, आणि ती बोलली की तेच पुन्हा मोठ्याने, स्वतःचं म्हणून. काकूने पदर खोचून मुकादम करून दाखवला. शेंगांचं सूप उलटं झालं, कोणी उचललं नाही.

‘अकुशल’ लिहिणाऱ्यांवर मी चिडायचे, आणि मी काय केलं होतं? आईला नुसती सोसणारी करून ठेवली होती. कारण सोसणाऱ्या आईची मुलगी सभेत शोभते. मुलाखत कशी घ्यावी यावर परीक्षा दिली मी, आणि घरातल्या जाणकार बाईला एक प्रश्न विचारला नव्हता.

आईने निकाल दिला. “ह्ये असंच ऱ्हानार आसंल तर सही न्हाय.”

रविवारी दिवसभर नव्याने लिहिलं. पाच जणी एकदम सांगत होत्या, एकमेकींना खोडत होत्या, मध्येच चहा होत होता. मी सावलीत बसायचे हेही लिहिलं. पहिल्यांदा बोचलं, मग मजाच यायला लागली. मिठागर बुजवून त्यावर आता ट्रक उभे असतात, तो राग मात्र गाळून टाकू का विचारलं, तर आई म्हणाली, तो ऱ्हाऊ दे, तो खरा हाय.

संध्याकाळी पुन्हा वाचलं. आईने सही केली. पेन काकूने ओढून घेतलं. “हिच्या एकटीचं मीठ व्हतं काय?” एका सहीच्या जागेत पाच सह्या झाल्या, दोन समासात गेल्या.

सोमवारी समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी मिठाच्या परिच्छेदावर बोट ठेवून विचारलं, याला आधार काय? मी फॉर्म पुढे केला. त्यांनी पाचही सह्या वाचल्या. मग म्हणाले, दाणा टोचतो तो नेमका पायाला कुठे?

मी परवानगी घेऊन बाहेर आले, आईला फोन लावला.

“तळव्याच्या मधोमध,” ती म्हणाली. “थितं मऊ आसतं.”

आत येऊन सांगितलं. सरांनी ते लिहून घेतलं.