हॅमवरची शेवटची हाक

आखातातल्या दुखानच्या कॉलनीत राहणारे देवव्रत वाळवंटातल्या भटकंतीसाठी गाडीत रेडिओ बसवणार होते, तेव्हा त्यांच्या बायकोनं, नमितानं, कुणालाही बोलता येणाऱ्या साध्या सीबी रेडिओचा हट्ट धरला होता. "त्याला परीक्षा नको. मीही बोलेन की!"

"अगं, सीबीचा आवाज दोन टेकड्यांपलीकडे विरतो. गाडी रुतली तर हाक लांब जायला नको?" असं म्हणून त्यांनी लांब पल्ल्याचा हॅम रेडिओ घेतला आणि परीक्षा देऊन त्यावर बोलायचं लायसन्सही मिळवलं.

"म्हणजे दर शुक्रवारी मी शेजारी बसून नुसतं ऐकायचं. घरात मीच बोलते, त्याचा सूड उगवताय!" नमिता म्हणायची.

देवव्रत हृदयविकारानं गेले. पुढच्याच शुक्रवारी भटकंतीतल्या सगळ्या हॅमवाल्यांच्या गाड्या वाळूत जमल्या. गेलेल्या हॅमवाल्याला त्याच्या रेडिओवरच्या नावानं शेवटची हाक मारायची, ही त्यांची रीत. नमिता नवऱ्याच्या गाडीत बसली होती. त्यांचा मित्र कुशल खिडकीशी वाकला.

"वहिनी, मी हाक मारतो, तुम्ही उत्तर द्या. लायसन्स आज कोण विचारतंय?"

तिला बोलायचं तर खूप होतं. तिनं माइक उचलला, अंगठा बोलायच्या बटणापर्यंत गेला.

"नको, भावजी. यांना चाललं नसतं."

कुशल आपल्या गाडीत गेला. हाक आली. नुसती खरखर. पुन्हा हाक आली. पुन्हा खरखर. मग कुशल म्हणाला, "हे स्टेशन आता बंद."

इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली नमिता माइक छातीशी धरून रडू लागली. बटणावरचा अंगठा मात्र तिनं आधीच काढून घेतला होता.